मावशी काय म्हणाल्या

माझ्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मावशी आली, हीच पहिली पंचाईत. "तू मला वाढवलंस, तू नाही तर कोण येणार?" असं मीच बोलून बसले होते. आता ती मागच्या रांगेत, इस्त्रीचे कपडे घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिला इथली भाषा सगळी कळते, पण चारचौघांत ती फक्त आमचीच बोलते. हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिचं मत.

समोरच्या लांब टेबलावर पाण्याचे ग्लास, माझा प्रबंध आणि लाल दिवा लागलेला रेकॉर्डर. पलीकडे माझ्या मार्गदर्शक मॅडम मूग गिळून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक. आम्ही विद्यार्थी त्यांना उकरसाहेब म्हणतो, कारण त्यांनी सारा जन्म तोलामे नावाची टेकडी उकरण्यात घालवला. डोंगर पोखरून लोकांना निदान उंदीर तरी मिळतो, यांना तोही मिळाला नाही.

तोलामेची गोष्ट अशी. राज्य परक्यांचं होतं तेव्हा त्यांचा एक अधिकारी मोजणीसाठी आमच्या वस्तीवर आला आणि विचारू लागला, तुम्ही तुमची मेलेली माणसं कुठे पुरता? माझ्या पणजीने लांब कुठेतरी हात केला आणि म्हणाली, "तोलामे." त्याने ते टेकडीचं नाव समजून नकाशावर चढवलं. आमच्यात हा शब्द पोरं पायांत घुटमळायला लागली की कामी येतो. जा, तिकडे असेल बघ, एवढाच त्याचा अर्थ. पणजीने साहेबाला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, आणि पुढे त्या शब्दाची पाटी लागली, बसथांबा झाला, शाळेच्या पुस्तकात धडा झाला. आम्ही अजून हसतो. पण टेकडीवर एकही हाड निघालं नाही, म्हणून त्याच धड्यात असंही आलं की हे लोक मूळचे इथले नाहीत, काल-परवा आले. तो धडा बाईंनी मला वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावला होता. त्याचा राग मला आजही येतो.

प्रबंधात मी तो शब्द उलगडला होता. उकरसाहेबांनी नेमकं तेच पान उघडलं.

"म्हणजे तुमच्या पणजींनी थाप मारली."

"हो, सर."

"आणि मी ती थाप खणत बसलो."

माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांत झाला.

"ठीक आहे. पण या शब्दाचा अर्थ तुम्हीच सांगताय, आणि दावाही तुमचाच. तुम्ही लोक इथले जुने असाल तर दफनाची जागा कुठेतरी असणार. ती दाखवा. नाहीतर हे प्रकरण गळतं, आणि ते गळलं की या प्रबंधात उरतं काय?"

जागा मला ठाऊक नव्हती. आमच्यात ती घरातल्या थोरल्या बाईलाच ठाऊक असते, आणि वेळ आली की ती पुढच्या बाईला सांगते. मावशीने मला सांगितली नव्हती. "तुझं पोट विचारण्यावर चालतं," ती म्हणायची. "ज्याचं पोट विचारण्यावर चालतं, त्याच्या तोंडाला कुलूप नसतं." माझी आई मी रांगत होते तेव्हा गेली. ती कुठे आहे, हेही मला त्यामुळे कधी कळलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र मला चांगली ठाऊक होती. याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कपाटांत, नदीपलीकडच्या लोकांचे वाडवडील पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवले आहेत. त्या लोकांनी विश्वासाने जागा दाखवली होती. खोक्यांवर नावं नाहीत, आकडे आहेत.

"मला माहीत नाही, सर."

"मग मी हा प्रबंध मान्य करू शकत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मागे खुर्ची सरकली. मावशी उभी राहिली होती. "थांब म्हणावं त्याला," ती आमच्या भाषेत म्हणाली. "मी सांगते."

मी मान हलवून नको म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पर्स छातीशी धरून, रेकॉर्डरकडे तोंड करून ती बोलत राहिली. कुठून वळायचं, कशाच्या खाली, कोणाच्या शेजारी कोण. ती नेमकं काय म्हणाली ते मी इथेही लिहिणार नाही, उगाच वाट बघू नका. एवढंच सांगते की त्या जागी बसून मी शाळेत असताना डबा खाल्ला होता. आणि शेवटी ती म्हणाली, "हिची आई कडेला आहे, पाण्याच्या बाजूला."

उकरसाहेब पुढे वाकले. "मावशी काय म्हणाल्या?"

विभागात आमच्या भाषेचा दुभाषी एकच, तो म्हणजे मी. रेकॉर्डर चालू होता, पण ते बोलणं उद्या कुणाला उतरवून हवं झालं तरी कागद माझ्याकडेच येणार होता.

"त्या म्हणतात, त्यांनाही माहीत नाही," मी म्हणाले. "त्यांची आई सांगायच्या आधीच गेली."

"एवढंच? बराच वेळ बोलत होत्या."

"आमच्यात नाही म्हणायला वेळ लागतो, सर."

त्यांनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं. "तुम्हाला आमचं कळतं ना? ही म्हणते ते बरोबर आहे?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. माझं काय चाललंय ते तिला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. मला वाटलं, आता ही चिडणार आणि सगळं त्यांच्या भाषेत सांगून मोकळी होणार. मॅडमनी ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

मावशीने मान डोलावली. "बरोबर," ती त्यांच्या भाषेत म्हणाली, आणि खाली बसली.

उकरसाहेबांनी शेरा लिहिला. प्रबंध नामंजूर. मॅडम तेवढ्यापुरत्या बोलल्या, की वाईट वाटतं. मी सगळ्यांचे आभार मानले, कारण तशी पद्धत आहे.

जिन्यात मावशी थांबली. "मी खरंच सांगत होते," ती म्हणाली. "तुझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाताना मला बघवत नव्हतं."

"माहीत आहे."

तिने माझं मनगट धरलं. "ऐकलंस ना नीट, ती कुठे आहे ते?"

"ऐकलं."

"मग आता रड," मावशी म्हणाली. "इथे कोणी नाही."