जतन झालेला आवाज

पडद्यावर श्रीपतराव मोहिते या नावापुढचा ‘प्ले’चा त्रिकोण मोहनाने पुन्हा दाबला. काहीच वाजले नाही. तिने हेडफोन काढून रुमालाने पुसले, परत कानाला लावले आणि खालचे नाव दाबले. मग त्याच्याही खालचे. उन्हाळ्याआधी आलेले सगळे आवाज स्वच्छ ऐकू येत होते. त्यानंतरचा एकही येत नव्हता.

जेवणाची सुट्टी होती. ऑफिसातली मंडळी कोपऱ्यावर सेव-उसळ खायला गेली होती. तिलाही बोलावले होते, पण सकाळी आलेला कमलाकाकूंचा फोन तिच्या डोक्यात होता.

बडोद्यातल्या मराठी मंडळाची ही वेबसाइट तिने हौसेने, काही न घेता केली होती. आपले घराणे इथे कसे आले, काय काय पाहिले, हे जुन्या माणसांनी स्वतःच्या आवाजात सांगावे अशी कल्पना. पानावरचे बटण दाबायचे, बोलायचे, पाठवायचे. वर्धापनदिनी सगळे आवाज लोकांसाठी खुले व्हायचे होते. तोवर ते ऐकण्याचे कुणाला कारण नव्हते. कारण होते ते कमलाकाकूंना. त्यांचे यजमान श्रीपतराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. कर्करोगामुळे त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले होते. आता जखम भरली होती, आणि तुझ्याकडे ठेवलेला आवाज मला आधी ऐकायला मिळेल का, एवढेच काकूंनी विचारले होते. वर्धापनदिनापर्यंत थांबवत नाही, असेही म्हणाल्या होत्या.

मोहना सर्व्हरवर शिरली. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. उन्हाळ्यात वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. त्या हलवाहलवीत आवाज साठवायच्या फोल्डरची परवानगी बदलली होती. त्यातले जुने वाचता येत होते, नवे काही लिहिता येत नव्हते. माणसाने पाठवलेला आवाज सर्व्हरवर पोचायचा, तात्पुरत्या जागी क्षणभर थांबायचा, आणि फोल्डरमध्ये जाऊ शकला नाही की पुसला जायचा. नाव तेवढे दुसरीकडे नोंदले जायचे.

सर्व्हर हलवताना असे होऊ शकते. म्हणूनच लिहिण्याआधी, इथे लिहिता येते आहे का, हे प्रोग्रॅमने विचारायचे असते. एका ओळीचे काम. ती ओळ मोहनाने घातली नव्हती. आणि आवाज साठवला जावो न जावो, पानावर हिरव्या अक्षरांत एक वाक्य उमटत होते: ‘आपला आवाज जतन झाला आहे.’ ते वाक्य तिनेच लिहिले होते. शब्द ‘साठवला’ असावा की ‘जतन’, यावर तिने बराच विचार केला होता.

मागच्याच महिन्यात याच चुकीसाठी तिने ऑफिसात हाताखाली असलेल्या समरजितचे काम सगळ्यांदेखत परत केले होते. तो खाली मान घालून लॅपटॉप उचलून गेला होता.

तिने परवानगी दुरुस्त केली. एक आज्ञा, आणि झाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी श्रीपतरावांनी स्वतः फोन केला होता. आवाज जड झाला होता, पण शब्द कळत होते. खोलीचे दार लावून बोललो, पाठवले, जतन झाल्याचे लिहून आले, असे सगळे त्यांनी सांगितले आणि मग विचारले होते, “पण नक्की झालाय ना? मला परत नाही बोलता यायचं.”

ती मीटिंगमध्ये होती. “काका, लिहून आलंय म्हणजे झालाच. निर्धास्त राहा,” असे म्हणून तिने फोन ठेवला होता. फोल्डर उघडून बघणे हे मिनिटाचेही काम नव्हते.

संध्याकाळी तिने मंडळाचे अध्यक्ष पिलाजीराव यांना फोन लावला. सांगायचे ते मनात जुळवून ठेवले होते; तोंडातून मात्र निघाले की सर्व्हरवाल्या कंपनीकडून गडबड झाली आणि काही आवाज गेले. पिलाजीरावांनी कंपनीला दोन शब्द ऐकवले आणि लगेच मंडळाच्या ग्रुपवर लिहिले की मोहनाबेनच्या एवढ्या मेहनतीवर कंपनीने पाणी फिरवले. जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी तरी लिहिले, मन छोटे करू नका, आम्ही परत बोलू. मोहनाने फोन पालथा घातला.

बाकीचे खरेच परत बोलू शकत होते. श्रीपतरावांना आपण कळवतो, असे पिलाजीराव म्हणाले होते. तिने नको म्हटले. मीच जाते, म्हणाली.

रविवारी सकाळी ती समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत गेली. दार काकूंनी उघडले. “ये ने. निरांते बस, आरामात,” म्हणाल्या. श्रीपतराव छताला टांगलेल्या हिंचक्यावर बसले होते, गळ्याभोवती पातळ सुती कापड बांधलेले. त्यांनी हात उंचावून तिला बसायची खूण केली. टेबलावर खमण आणि तळलेल्या मिरच्या मांडल्या होत्या, आणि बाजूला एक काळा स्पीकर. मोबाइलवर बारीक ऐकू येते म्हणून शेजाऱ्यांकडून मागून आणला, असे काकूंनी सांगितले. त्याचा निळा दिवा चालू होता.

मोहनाने बशीला हात लावला नाही. आवाज नाही, असे तिने सांगितले. गेला. परत मिळण्यासारखा नाही.

काकू स्पीकरकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी ग्रुपवर वाचल्याचे सांगितले. त्यात हाही असेल असे वाटले नव्हते, म्हणाल्या. मग पदर सारखा करून त्यांनी खमणाची बशी तिच्यापुढे सरकवली.

“कंपनीने केलं त्याला तू काय करणार? फुकटात एवढं राबलीस आमच्यासाठी.”

श्रीपतरावांनीही मान हलवली. हिंचका थांबवून पुढे वाकले आणि तिच्या हातावर हलकेच थोपटले. तो हात खरखरीत आणि गरम होता. मोहनाने आपला हात मागे घेतला.

“कंपनीने नाही काकू. मी केलं.”

मग तिने सगळे सांगितले. लिहिता येते का हे तपासायचे असते, ते तपासले नव्हते. झाले की नाही ते न बघता, झाले असे लिहून ठेवले होते. काकांनी फोन करून विचारले तेव्हाही बघितले नव्हते. पिलाजीरावांशी खोटे बोलले. आज ग्रुपवर खरे लिहीन. बोलताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

काकूंनी हात लांबवून स्पीकर बंद केला. मग त्या मोहनाशी नव्हे, नुसत्याच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत यांचा आवाज आहे, फोटोवाल्याला ‘बाजूला व्हा जरा’ म्हणतात तेवढाच. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचे यंत्र दिले आहे, पण यांनी ते खोक्यातून बाहेर काढलेले नाही. का म्हणून विचारले की मोबाइलकडे बोट दाखवतात. खरा आवाज तिथे ठेवला आहे, तो ऐक. ही घरघर कशाला, असे.

श्रीपतराव उठले आणि आतल्या खोलीत गेले. आपले तोंड त्यांना बघायला नको म्हणून गेले, असे मोहना समजली. ती पर्स घेऊन उभी राहिली. काकूंनी बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. दाराशी जाऊन ती चपला घालू लागली.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग प्लास्टिक फाटल्याचा. श्रीपतराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात छोट्या बॅटरीसारखे काहीतरी होते. ते हिंचक्यावर बसले. कापड जरा खाली ओढून यंत्र गळ्याला टेकवले. त्यातून नुसतीच गुणगुण आली. त्यांनी ते बाजूला सरकवले, पुन्हा दाबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मोहनाकडे त्यांनी एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली.

“कमल.”

आवाजाला चढ नाही, उतार नाही. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. काकूंनी मान वर केली नाही.

“चहा टाक.”

मोहनाला दाराशी उभे राहूनही दोन्ही शब्द स्पष्ट कळले. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. मांडीवरच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या.

“समजलं नाही,” त्या म्हणाल्या. “परत सांगा.”