एकशे वीसला दोन कमी

मी एक टेप आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यात असते ती, पिवळी, दीडशे सेंटिमीटरची. माझी गोष्ट सांगायला बसले आहे, तर आधी कबुली देऊन टाकते. मी आठ महिने खोटं बोलले. तेही एका लहान मुलीबद्दल.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझ्यावर आकडे छापले गेले. शेवटी एका मुलीने मला पोलादी पट्टीशेजारी ठेवून तपासलं आणि मान हलवली. माझं सगळं शिक्षण एवढंच, पण ते मी मनावर घेतलं. कंटेनरमधून उरणच्या बंदरात उतरले तेव्हा माझ्या डोक्यात मोठमोठे विचार होते. या किनाऱ्यावर मी खरं माप रुजवणार होते. इथे कोणी ‘अंदाजे’ म्हणणार नव्हतं.

मी आले दिवेआगरला. रुबिना नावाच्या बाईने मला विकत घेतलं. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नारळ-सुपारीच्या वाडीत तिचं घर. पुढच्या पत्र्याच्या पडवीत ती मशीन चालवायची. नवरा तबरेज मस्कतला तेलाच्या कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर. घरात सासू रहिमुन्निसा, नऊ वर्षांचा अरमान आणि धाकटी अक्सा.

रुबिनाचा हात चांगला होता, पण तिच्या वस्तू जागेवर राहत नसत. कात्री शेजारीण घेऊन जायची, मला अरमान होडी ओढायला पळवायचा. म्हणून तिने एक युक्ती काढली. लोखंडाची जाड कात्री माझ्या टोकाला गाठ मारून बांधली आणि मला खिळ्याला टांगलं. दोघी एकत्र, कुठे जायला नको.

युक्ती बरी होती. फक्त कात्री जड होती आणि वर पत्रा तापत होता. मी दिवसभर लोंबकळत होते, आणि लोंबकळता लोंबकळता ताणली जात होते. माझा एकेक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा जरासा लांब झाला. लांब टेप आखूड माप दाखवते. कपड्यांत ते कोणाला कळलं नाही, कारण रुबिना अंगही माझ्यानेच मोजायची आणि कापडही. खोट्याला खोटं जुळत होतं आणि ब्लाउज छान बसत होते.

मग त्या पार्कची गोष्ट सुरू झाली.

दोन वर्षांपूर्वी उरुसाच्या मेळ्यात अक्साला मोठ्या पाळण्यात बसू दिलं नव्हतं, लहान म्हणून. तेव्हा तबरेजने शब्द दिला होता, “पुढच्या सुट्टीत तुला मोठ्या पार्कात नेतो. तू आणि मी, एकाच डब्यात.” एप्रिलमध्ये त्याने मस्कतहून फोनवर पार्कचे नियम वाचून दाखवले. रोलर कोस्टरला उंची एकशे वीस. रुबिनाने लगेच अक्साला दाराला टेकवून उभं केलं, माझं एक टोक टाचेशी, दुसरं डोक्याशी.

“एकशे अठरा,” ती फोनवर म्हणाली.

“दोन कमी. मी डिसेंबरात येतोय. तोवर होईल.”

तो आकडा खरा होता. तेव्हा मी नुकतीच टांगली गेले होते. पण त्यानंतर जूनमध्ये एकशे अठरा भरले, ऑगस्टमध्ये एकशे अठरा, ऑक्टोबरातही एकशे अठरा. ती वाढत होती, आणि मीही वाढत होते.

घरात काळजी शिरली. सकाळी अंडं, दुपारी नाचणीची खीर, संध्याकाळी पेरूच्या फांदीला दहा मिनिटं लोंबकळणं. दादी खाली उभी राहून मोजायची. अक्सा विचारायची, “दादी, पाय लांब होतात की हात?”

“जे व्हायचं ते व्हईल. तू लटक.”

दरम्यान तिचे फ्रॉक गुडघ्यांच्या वर चढले. मला वाटलं, आता तरी यांच्या लक्षात येईल. रुबिनाने फ्रॉक उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, “धुऊन आटलाय.” सासू म्हणाली, “आजकालचं कापडच तसलं.” चार फ्रॉक आटले, दोन सलवारी आटल्या, चपलासुद्धा आटल्या. पण पोरगी वाढली असेल असं कोणी म्हणेना, कारण आकडा माझ्यावर छापलेला होता. माणसं डोळ्यांसमोरची मुलगी सोडून टेपवर विश्वास ठेवतात. एरवी मला याचा अभिमान वाटला असता.

डिसेंबरात तबरेज आला. दारात बॅग टाकली आणि अक्साकडे बघून म्हणाला, “अगं, केवढी उंच झालीस तू.”

रुबिना मला घेऊन आली. एकशे अठरा.

“असं होय,” तो म्हणाला. “मलाच वाटलं असेल.”

तबरेज सहलीची आखणी करायला बसला. या माणसाने बारा वर्षं कारखान्यात लोकांना शिडीवरून पडू दिलं नव्हतं, आणि सहलही तो तशीच करणार होता. लग्नपत्रिकेच्या पाठीवर तक्ता काढला. कोणत्या पाळण्याला किती उंची, कोण कोणाच्या हाताला, पाणी केव्हा प्यायचं, लघवीला केव्हा जायचं. हरवलं तर जमायची जागा ठरवली आणि तिचा सराव वाडीत, वादळातून वाचलेल्या वाकड्या माडाखाली घेतला. त्याने शिट्टी वाजवली. दोन्ही मुलं धावत आली. रुबिना ब्लाउजला हुक लावत आली. दादी आलीच नाही.

“अम्मी, तू हरवलीस,” तो स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाला.

“मी हरवले न्हाय, मी चुलीपाशी हाय. कालवण करपलं तर तुझी शिट्टी खाशील काय?”

“तिथे खरंच हरवलीस तर?”

“तर एका जागी बसून रडीन. लोक आणून देतील. तुला लहानपणी असाच आणून दिलेला.”

दादीचा दुसरा वाद डब्यावर होता. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे तिला पटेना. “तीन तास गाडीत जायचं, आन् घरची भाकरी दारात ठेवायची? ते पार्क हाय की इस्पितळ?” शेवटी भाड्याने ठरवलेल्या दयारामच्या इको गाडीतच सगळ्यांनी जेवायचं आणि मग आत जायचं, असं ठरलं. तक्त्यात साडेनऊच्या आधी ‘जेवण’ असं लिहावं लागलं. तबरेजने ते जड हाताने लिहिलं.

सगळं ठरलं, अक्सा सोडून.

रुबिनाने आपल्या परीने मार्ग काढला होता. अक्साच्या बुटांत तिने फोमचे दोन थर कापून बसवले. पोरगी बदकासारखी चालायला लागली. तबरेजने एकदाच बघितलं आणि बूट काढून हातात घेतला.

“हे काय?”

“दोनच सेंटिमीटर आहेत. कोण बघतंय?”

“रुबिना, पाळण्यातला तो पट्टा एकशे वीसच्या अंगासाठी बनवलेला असतो. बुटासाठी नाही. मी तिकडे माणसांना हेच सांगून पोट भरतो आणि इथे माझ्याच मुलीच्या बुटात फोम घालू?” त्याने फोम उपसून काढला. “ती दादीबरोबर छोट्या रेल्वेत बसेल.”

मला तो माणूस आवडला. असं बोलणारा या किनाऱ्यावर मला पहिल्यांदाच भेटला होता, आणि माझ्यामुळेच तो चुकत होता.

अक्सा ओरडली नाही, रडली नाही. पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “तुमची पुढची सुट्टी दोन वर्षांनी ना?”

“हो.”

“तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. तेव्हा मला पाळणे आवडले नाहीत तर?”

तबरेजने तक्ता उलटसुलट करून बघितला. तक्त्यात याची सोय नव्हती. अरमान म्हणाला, “मग मीपण छोट्या रेल्वेत बसतो,” पण असं म्हणताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी खिळ्यावर होते. मला आवाज असता तर त्या क्षणी मी सगळं सांगून टाकलं असतं, भले त्यानंतर मला कोणी चुलीत घातलं असतं.

ते सांगायचं काम मनुबाईंनी केलं. मनुबाई पलीकडच्या वाडीतल्या. वादळानंतर त्यांनी पर्यटकांसाठी दोन नव्या खोल्या बांधल्या होत्या, आणि दारांचे पडदे रुबिनाने शिवले होते. सहलीच्या आदल्या दिवशी त्या पडद्यांचं गाठोडं घेऊन आल्या.

“रुबिना, तुझे पडदे माझी जमीन झाडतायत.”

“तुम्ही सात फूट सांगितले, मी सात फूट शिवले.”

“सुतारानं माझ्यासमोर मोजलंय.”

“मग सुतार चुकला असंल. नायतर तुमची जमीन वर आली असंल.”

“जमीन वर येते व्हय?” असं म्हणत मनुबाईंनी पिशवीतून सुताराची पोलादी टेप काढली. या वेळेला त्या पुराव्यानिशी आल्या होत्या. तबरेजने ती ओढून जमिनीवर ताणली. रुबिनाने कात्री सोडली आणि मला त्या टेपेशेजारी पसरलं.

जन्मल्यानंतर पहिल्यांदाच मी पोलादाशेजारी आडवी झाले होते. माझे एकशे अठरा झाले तिथे तिचे एकशे साडेएकवीस झाले होते.

तबरेजने तीनदा बघितलं. मग हळूच विचारलं, “हिचं कॅलिब्रेशन कधी केलं होतंस?”

“लग्नाला अकरा वर्षं झाली, माझं कोणी केलं नाही. टेपेचं काय घेऊन बसलात?”

“पोरीला हाक मारा,” दादी म्हणाली.

अक्सा दाराला टेकून उभी राहिली, अनवाणी, श्वास रोखून. पोलादी टेप टाचेपासून वर गेली. एकशे एकवीस आणि वर अर्धा. तबरेजने तिला खाली बसवून पुन्हा उभी केली, पुन्हा मोजली. अरमाननेही एकदा मोजली. मग तबरेजने लग्नपत्रिका घेतली, ‘छोटी रेल्वे’ खोडलं आणि त्या जागी ‘एकाच डब्यात’ असं लिहिलं.

मनुबाई म्हणाल्या, “माझ्या पडद्यांचं काय?”

पार्कात मी गेले नाही, पण तिथलं सगळं मला ऐकायला मिळालं. गेटवरच्या पट्टीखाली अक्सा ताठ उभी राहिली आणि पास झाली. रोलर कोस्टरमध्ये तबरेजने तिचा पट्टा चार वेळा तपासला, आपला एकदाही नाही. गाडी वर चढून खाली सुटली तेव्हा अक्सा हसत होती आणि सेफ्टी सुपरवायझर आपल्या अम्मीच्या नावाने हाका मारत होता. अम्मी खाली बाकावर बसून पर्समध्ये लपवून आणलेली चिक्की खात होती. तिने वर बघून हात हलवला. अक्सा अब्बांना म्हणाली, “डोळे मिटले की जास्त भीती वाटते, उघडे ठेवा.” हे वाक्य तिने घरी येऊन सगळ्या गावाला सांगितलं.

इकडे रुबिनाने नवी टेप आणली आणि वेगळाच गोंधळ झाला. मनुबाईंचं ब्लाउजचं माप घेतलं तर छाती एका इंचाने वाढलेली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघींची वाढली. गावातल्या बायका एका आठवड्यात जाड झाल्या. मनुबाई दोन्ही हात वर करून म्हणाल्या, “ती जुनी आण बघू. ती चांगली होती.” रुबिना म्हणाली, “ती खोटारडी होती.” मनुबाई म्हणाल्या, “पण स्वभावाने बरी.” खरं माप रुजवायला आलेल्या टेपेला अखेर अशी दाद मिळाली.

पण मी तोवर त्या घरात राहिले नव्हते, हे सगळं मी नंतर फोनवर ऐकलं. सुट्टी संपायच्या दिवशी तबरेज मला रद्दीत टाकायला निघाला होता. अक्साने मला त्याच्या हातातून घेतलं. माझं एक टोक टाचेखाली दाबून तिने मला डोक्यापर्यंत ताठ धरलं आणि आईला म्हणाली, “इथे काप.” रुबिनाने एकशे अठराच्या रेघेवर मला कापलं. उरलेला तुकडा कचऱ्यात गेला. मला घडी करून अक्साने अब्बांच्या खिशात ठेवलं. “आकडा बघू नका,” ती म्हणाली. “नुसती उभी करा.”

आता मी मस्कतला आहे. चार माणसांच्या खोलीत, तबरेजच्या पलंगाशेजारी, जमिनीपासून वर भिंतीला चिकटवलेली. पहिल्या दिवशी खोलीतला उरणचा निकेत म्हणाला होता, “तबरेज, हे काय? खुळावलास काय?” तबरेजने सांगितलं, “ही अक्सा.” महिन्याभराने निकेतच्या बायकोने पाकिटातून एक सुतळी पाठवली. तीही माझ्याशेजारी लागली आहे, माझ्या खांद्याएवढी. तो त्याचा मुलगा. आम्ही दोघं सकाळी कामावर जाणाऱ्या माणसांना बघतो.

माझ्या टोकाला आता काही बांधलेलं नाही. मी वाढायची थांबले आहे. ती थांबलेली नाही, हे मी टेप असून न मोजता सांगते.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्या टोकाला जड काही टांगू नका. आणि फ्रॉक आटला असं वाटलं, तर आधी पोरीकडे बघा. दोन वर्षांनी तबरेज मला घेऊन दिवेआगरला जाईल आणि अक्साशेजारी उभी करेल. तेव्हा मी तिच्या खांद्याच्या जरा वर, फार तर कानाशी संपेन. सगळा जन्म बरोबर भरण्याचा ध्यास घेतलेली मी, पण त्या दिवशी कमी पडायची मला घाई झाली आहे.