भोंगा थांबवणारे महाराज

भोंगा वाजू लागला आणि नदीकाठची अख्खी गल्ली घराबाहेर पडली. चढावरच्या शाळेकडे जायला नव्हे, थांब महाराजांना बघायला. नदीच्या पायऱ्यांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेवटच्या पायरीवर महाराज, पांढरीशुभ्र कफनी, डोळे मिटलेले. शाळेच्या छतावरून भोंगा कानठळ्या बसवत होता आणि महाराज त्याच्यावर आवाज चढवत होते.

"हे जलराशे, मागे फीर. हे प्रलया, तुझा हुकूम मी रद्द करतो. वरच्या सात लोकांतून रद्द, खालच्या सात लोकांतून रद्द..." मग उजवा हात वर गेला. "थांऽऽऽब."

भोंगा थांबला. नदी होती तशीच संथ वाहत राहिली.

"परतवलं हो पाणी," शेजारचा बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला.

"आलं कुठे होतं परतवायला?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे आठ दिवस मला शिळा पाव मिळणार हे मी ओळखलं.

माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा. कुठलाही आवाज सुरू झाला की मी नकळत सेकंद मोजतो. महाराजांचं हे थांबवणं मी सलग चार महिने मोजलं होतं. भोंगा बरोबर साठ सेकंद वाजे. मंत्र छप्पन्न सेकंदांचा आणि 'थांब' लांबवून चार. एकदा मध्येच खोकला आला, तर महाराजांनी खालचे सात लोक गाळून वेळ भरून काढली. प्रलयाचा हुकूम रद्द करणारा माणूस चार-पाच सेकंदांसाठी इतका घायकुतीला का येतो?

मी हसून सोडून दिलं असतं. पण गल्लीतल्या सगळ्यात खालच्या घरात माझी मावशी राहते. मला तिनेच वाढवलं. तिचे गुडघे गेलेत. धरणाचं पाणी सुटलं तर लोकांना कळावं म्हणून गेल्या वर्षी भोंगा बसला, तेव्हा ती पहिले काही महिने कुरकुरत का होईना, माझ्या खांद्याला धरून चढ चढायची. आता म्हणायची, "महाराज आहेत ना. कशाला गुडघे झिजवू?" गल्लीचंही तेच. चढ टळत असेल तर माणूस काय वाटेल ते मानायला तयार होतो. एक दिवस पाणी खरंच सुटेल आणि मावशी खुर्चीत बसून भोंगा थांबायची वाट बघेल, हे मला दिसत होतं.

शेवटी मी शाळेच्या आवारातल्या इशारा कक्षात गेलो. एक टेबल, एक फोन, झाकणाखाली लाल बटण. ऑपरेटर बाई झाकणावरची धूळ पुसत होत्या.

"बाई, भोंगा थांबवतं कोण?"

"मी. बटणावरचं बोट उचललं की थांबतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा वाजता सराव असतो, एक मिनिटाचा. खरा इशारा तीन मिनिटांचा. चौकातल्या फलकावर सूचना लावलीय की."

"फलकावर महाराजांचं पोस्टर आहे."

"त्याच्या खाली बघा."

मी चौकात जाऊन पोस्टरचा कोपरा उचलला. दिवस, वेळ, सगळं लिहिलेलं. पाणी गल्लीत पोचायला अठरा मिनिटं लागतात, हेसुद्धा. ही सूचना गावात एकाच माणसाने वाचली होती आणि तिच्यावर दुकान थाटलं होतं. आयत्या बिळावर नागोबा.

मी लोकांना सांगितलं. बेकरीवाला म्हणाला, "तुला घड्याळापलीकडे काही दिसतच नाही." मावशी म्हणाली, "तू मला शिकवू नकोस."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "लोक चढतच नसतील तर पुढचा सराव पूर्ण तीन मिनिटांचा घ्यायला हवा," त्या म्हणाल्या. धरणाच्या साहेबांची सही आणून त्यांनी नवी सूचना स्वतः चिकटवली. संध्याकाळपर्यंत चेल्यांनी तिच्यावर महाराजांचं नवं पोस्टर डकवलं होतं. सूचना कुणीच वाचली नाही, या वेळी महाराजांनीसुद्धा.

सोमवार उजाडला. भोंगा सुरू झाला, पायऱ्या भरल्या. वरचे सात लोक झाले, खालचे सात झाले. "थांऽऽऽब."

एकसष्ट. बासष्ट. महाराजांनी दुसराही हात वर केला. "थांब म्हणतो ना." सत्तर सेकंदांना त्यांनी डोळे उघडले. पंचाहत्तराव्या सेकंदाला त्यांची पाचावर धारण बसली. कफनी गुडघ्यांपर्यंत उचलून, गर्दी कोपरांनी बाजूला सारत ते शाळेच्या दिशेने असे सुटले की पळता भुई थोडी झाली. चपला पायरीवरच राहिल्या. क्षणभराने गर्दीही त्यांच्यामागे धावली.

मी मावशीकडे पळालो. "थांबत कसा नाही रे आज?" तिचा आवाज कापत होता. हा सराव आहे हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उठली नसती. तिचा तो चेहरा बघून मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

शाळेच्या मैदानात बाई सगळ्यांना सांगत होत्या, "हा सराव होता. पाणी सोडलेलं नाही." त्यांनी जुनी सूचना वाचून दाखवली: सराव एक मिनिट, खरा इशारा तीन.

बेकरीवाला बाकावर धापा टाकणाऱ्या महाराजांपुढे उभा राहिला. "एक मिनिट उलटलं की धोका खरा, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून पळालात."

"मी प्रलय वरून थोपवायला आलो," महाराज म्हणाले.

मावशी सगळ्यांत शेवटी पोचली. तिला बाकावर टेकवून मी घड्याळ बघितलं. "बावीस मिनिटं," मी म्हणालो.

"आणि पाणी अठरा मिनिटांत येतं," बाई म्हणाल्या.

सगळे मावशीकडे बघत होते. ती श्वास सावरत होती.

म्हणून सांगतो, बाबांनो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि भोंगा थांबला म्हणून पाणी थांबत नाही. भोंगा बाईंच्या बोटाने थांबतो. पाणी कुणाच्याच हाताने थांबत नाही. फलक वाचा, शंका आली तर विचारा, घड्याळ लावून बघा. आमच्यापुढे प्रश्न चार मिनिटांचा होता आणि तो मंत्राने सुटणारा नव्हता.

बेकरीवाला पुढे आला. "पुढच्या वेळी मी आणि माझा भाऊ मावशीला खुर्चीसकट उचलतो."

"पुढच्या वेळी कशाला?" मावशी म्हणाली. "आता मला खाली न्या आणि परत वर आणा. हा बघेल किती मिनिटं लागतात ते."