मालनच्या जबड्यातली देवी

दर शुक्रवारी संध्याकाळी मुलुंडच्या त्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग लिफ्टच्या दारापर्यंत जायचा. आत पन्नास-साठ माणसं श्वास रोखून बसलेली, आणि समोर सतरंजीवर, गळ्यात झेंडूचा हार घातलेली मालन. कुणीतरी प्रश्न विचारायचं, मालन तोंड उघडायची, आणि तिच्या कानाजवळून आवाज यायचा. टक्. अगदी मागच्या रांगेतही ऐकू जाईल असा.

एक टक् म्हणजे हो, दोन टक् म्हणजे नाही. हा अर्थ नंदूने लावला होता. नंदू तळमजल्यावर राहायचा आणि फ्लॅट भाड्याने लावून द्यायचा. नवरात्रात आरती म्हणताना मालनच्या जबड्यातून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा तो शेजारीच टाळ वाजवत होता. देवीने हुंकार दिला, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. तोवर तिला वहिनी म्हणणारा हा माणूस त्या दिवसापासून आई म्हणायला लागला. मालन त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान होती, पण देवीचं वय कोण विचारतो? ही देवी ब्रह्मांडाच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय, असं तो दर शुक्रवारी सांगायचा. कुठल्या शास्त्रज्ञांनी, ते कुणी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मालनला सुरुवातीला बरं वाटलं होतं. बाथरूमच्या गळतीची तिची तक्रार सेक्रेटरींनी चार वर्षं दाबून ठेवली होती; देवी आल्यावर दोन दिवसांत प्लंबर हजर. आणि आवाज ती मुद्दाम काढत नव्हतीच. आपोआप यायचा. मग असेलही देवी, असं तिला वाटे. फक्त देवीचा कान ठणकायचा, आणि भाकरीचा तुकडा चावताना डोळ्यांत पाणी यायचं.

एके सकाळी तोंड दीड बोटापेक्षा जास्त उघडेना. अक्कलदाढ असेल म्हणून ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तपासून तिला दीप्ती नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. दीप्तीने तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंडाची उघडमीट करायला लावली आणि सांगितलं की जबड्याच्या सांध्यातली छोटी गादी जागेवरून सरकते, म्हणून आवाज येतो. मालनने चाचरत विचारलं, देवी तर नसेल ना? दीप्ती हसली नाही.

"माझ्याकडे आठवड्याला अशा दहा देव्या येतात," ती म्हणाली. "सगळ्यांना मी व्यायामच देते."

तिने मालनच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. दिवसातून तीनदा ते आठवण करून द्यायचं. फोनमध्ये स्वतःचा चेहरा दिसायचा, मधोमध एक उभी रेघ. जीभ टाळूला लावायची आणि जबडा रेघेवरून न ढळता सावकाश उघडायचा. मग दुखणं किती, तोंड किती बोटं उघडलं, ते भरायचं. भात कुकरला लावता लावता फोन म्हणायचा, जबडा सैल सोडा. मालन कूकर सोडून आधी जबडा सोडायची.

दोन आठवड्यांनी दोन बोटं जायला लागली. त्याच दिवशी ॲपने नवा प्रश्न विचारला: आवाज कधी येतो? तोंड उघडताना, मिटताना, की दोन्ही वेळा? मालनने कानापुढे बोट ठेवून मोजलं. उघडताना टक्, मिटताना बारीकसा आणखी एक. दहा वेळा केलं, दहाही वेळा दोन.

मग शुक्रवारी कधी एक, कधी दोन कसे?

आमटी ढवळताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नंदूला 'हो' हवं असेल तेव्हा पहिला टक् होताच तो हात वर करून जयजयकार करायचा. साठ गळ्यांच्या गजरात दुसरा टक् कुणाला ऐकू येणार? 'नाही' हवं असेल तेव्हा तो ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प बसवायचा. देवी बिचारी दर वेळी दोनदाच बोलत होती. उत्तर नंदू देत होता.

पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या कमलकाकू पुढे सरकल्या. मूळच्या मालवणच्या, मालनच्या बाळंतपणात महिनाभर तिच्या उशाशी बसलेल्या. नंदूने त्यांना मंतरलेलं तीर्थ सुरू केलं होतं.

"बीपीची गोळी बंद करू काय गे, आई?" त्यांनी हात जोडून विचारलं. "ती घेतलंय की चक्कर येता."

त्या जोडलेल्या हातांकडे बघून मालनला लाज वाटली. तिने तोंड उघडलं. टक्. नंदूचा हात वर जाणार, तोच मालनने तोंड तसंच उघडं ठेवून स्वतःचा तळवा पुढे केला. देवीचाच तळवा तो. हॉल चिडीचूप झाला. मग तिने सावकाश तोंड मिटलं.

टक्.

"तो प्रतिध्वनी आहे," नंदू घाईघाईने म्हणाला.

"नंदूभाऊ, जरा गप्प बसा," मालन म्हणाली. तिने जीभ टाळूला लावून तोंड उघडलं. आवाज नाही. जीभ खाली सोडून मोठ्ठं उघडलं. टक्. पुन्हा टाळूला, पुन्हा शांतता. मग तिने काकूंचं बोट आपल्या कानापुढे ठेवून घेतलं.

"गे बाय, ह्यां तर हाड सरकता!" काकू म्हणाल्या.

तिसऱ्या रांगेतल्या तेजलने स्वतःच्या कानापुढे बोट ठेवून बघितलं, तर तिच्याही जबड्यातून टक् आला. कुणीतरी म्हणालं, तेजलला पण आली. आणि अख्खा हॉल हसला.

"काकू, गोळीने चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील," मालन म्हणाली. "माझा जबडा काय सांगणार? त्याला स्वतःला भाकरी चावता येत नाही."

नंदू हसण्याच्या गडबडीत कधी सटकला, कळलं नाही. फोनमुळे देवी कोपली, असं तो नंतर दोघा-चौघांना सांगत होता, आणि दोघा-चौघांनी ते ऐकलंही. काकूंना मात्र डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली. तीन महिन्यांनी मालनचं दुखणं जवळजवळ गेलं. टक् अजून अधूनमधून येतो. त्याने बिघडत नाही, असं दीप्तीने सांगितलंय.

काही बायका आता ते ॲपच चमत्कारी आहे म्हणून नाव विचारायला येतात. मालन त्यांना सरळ सांगते की फोन नुसती आठवण करून देतो, जबडा आपल्यालाच हलवावा लागतो, आणि कुठला व्यायाम करायचा हे आधी तपासून घ्यावं लागतं.

सहा महिने साठ माणसं त्या आवाजापुढे बसली, पण तो येतो कुठून, हे बोट लावून बघावं असं एकालाही सुचलं नव्हतं. तुमच्यासमोर असा चमत्कार आला, तर हात जोडण्याआधी एकदा हात लावून बघा.