थांबण्याआधीची नोंद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. औंढा नागनाथला किशनरावांच्या टायपिंगच्या क्लासात माझे टेबल होते. १९९९ साली मी नांदेडहून आलो, तोही वापरलेलाच. पण किशनरावांची मुलगी पल्लवी प्रोग्राम लिहिण्याची सी भाषा शिकून आली होती. ती समोर बसली की मला आपण कोरे करकरीत आहोत असे वाटे.

२००१ साली महाशिवरात्रीच्या यात्रेत मला मांडवात नेले. हरवून सापडलेल्या माणसांची नावे आणि त्यांना शाळेत बसवले की दवाखान्यात नेले, याची यादी ठेवणारा प्रोग्राम पल्लवीने लिहिला होता. पहिल्याच सकाळी मदतीला आलेल्या संतरामकाकांनी एका नावाची नक्कल करायला कंट्रोल आणि सी ही बटणे दाबली. माझ्याकडे मात्र तो नक्कल करण्याचा नव्हे, 'थांब' असा सिग्नल होता. प्रोग्राम जागीच संपला. एकवीस नावे पुसली गेली.

"काहून बंद पडलं हे, ताई? मी तर कॉपी करून राहिलो होतो!"

"चूक माझी हाय, काका. सिग्नल आल्यावर काय करायचं, हे मी याला शिकवलंच न्हाई."

नावे पुन्हा विचारून आणायला लोक धावले. तेवढ्यात पल्लवीने मोजक्याच ओळी लिहिल्या. सिग्नल आला तर फक्त खूण करून ठेवायची, हातातली नोंद पुरी करायची, यादी फाईलमध्ये लिहायची आणि मगच थांबायचे.

मी थक्क झालो. मरणाच्या हुकमालाही 'जरा दम धर' म्हणता येते!

"एक सिग्नल असा हाय काका, तो कुणालाच अडवता येत न्हाई," पल्लवी म्हणाली. "पण बाकीच्यांना अडवता येतं."

दुपारी भोवळ आलेल्या एका म्हातारीला स्वयंसेवकांनी दवाखान्यात नेले. काकांनी नाव आणि ठिकाण टाइप केले, जिवनबाई, दवाखाना. आणि सवयीने बोटे पुन्हा त्याच बटणांवर पडली! पडदा रिकामा झाला. काकांनी कपाळाला हात लावला आणि नावे पुन्हा विचारून आणायला ते पळाले. त्याच वेळी एक माणूस धापा टाकत आला.

"मी भावसिंग. माझी याडी, माझी माय, सापडून न्हाई राहिली! शाळेत पाहिलं, तिथं बी न्हाई. जिवनबाई नाव हाय."

पल्लवीने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. मी फाईल उघडली. एकेक नाव पडद्यावर उमटू लागले. माझाच माझ्यावर विश्वास बसेना. शेवटची ओळ होती : जिवनबाई, दवाखाना.

भावसिंग धावतच सुटला. संध्याकाळी तो आईला घेऊन आला. तिने बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा माझ्यावरून हात फिरवला. एवढे कौतुक मला कधी मिळाले नव्हते.

पुढे नवे संगणक आले. माझ्यावर धूळ बसू लागली. २००७ साली मला हलवायला आलेल्या माणसाने थेट वायरीला हात घातला.

"थांबा," पल्लवी म्हणाली. "आधी मला त्याला सांगू द्या."

तिने बंद होण्याचा हुकूम दिला. मी उघड्या फाईली मिटल्या, सारे जागच्या जागी ठेवले आणि शांतपणे थांबलो.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कुणाला थांबवायचेच असेल तर आधी सांगा. हातातले नीट ठेवायला त्याला एक क्षण द्या. त्या एका क्षणात कुणाची तरी आई सापडू शकते.