फिरत्या चौथऱ्यावर

आईच्या मुठीत हा गुळगुळीत तुकडा कोंबायचा, ‘ही किल्ली, बसून तर बघ’ म्हणायचं आणि मागे वळूनही न बघता गिऱ्हाइकाकडे पळायचं — ही कुठली रीत? आणि किल्ली म्हणे. ना दात, ना भोक. साबणाची झिजलेली वडी बरी. तिने ती मांडीवर ठेवली आणि काचेतून मुलाकडे पाहिलं. गिऱ्हाईक तरी कोण, तर तिचीच नणंद.

शोरूमच्या दर्शनी काचेआड ठेवलेली ती विजेची गाडी फिरत होती. म्हणजे चाकं जागच्या जागी, खालचा गोल चौथरा मात्र सावकाश सरकत... आवाज नाही, हादरा नाही. झोपेत कुणी कूस बदलून द्यावी तसं. रस्ता आला, गेला. मुलाचं टेबल आलं, टेबलापलीकडे रुमालाने नाक दाबून बसलेल्या वन्सं. छातीचं दुखणं जुनं त्यांचं. शेजाऱ्याने स्कूटर सुरू केली तरी उबळ येते. म्हणूनच मी म्हटलं होतं, वन्सं, विजेचीच घ्या, धूर नाही, वास नाही. माझ्या शब्दावर आल्या. आणि माझा शब्द तरी कुठला — रोज जेवताना मुलगा ऐकवायचा तोच, स्वच्छ हवा, उद्याची गाडी, भात निवला तरी याची हवा संपायची नाही...

मग भिंत, भिंतीवर रंगवलेलं हिरवं पान, आणि मागच्या आवाराचं दार. तिथे पेट्रोलच्या गाड्या, ओळीने, पाठमोऱ्या.

परवाच त्याने हसत हसत उलगडून सांगितलं होतं. विजेच्या ठरलेल्या तेवढ्या खपल्या की कंपनीला पेट्रोलच्या हव्या तेवढ्या विकायची मुभा. यंदाच्या तेवढ्या खपल्या. आता ही पुढे ठेवायची ती नावासाठी. नाव उजळतं, तरुण मंडळी काचेला नाक लावतात, आत शिरतात. विकायची मागची, तिला तेल लागतं, फिल्टर लागतो, माणूस वर्षानुवर्षं परत येत राहतो. हिला काय लागतं, आई? पुसायला फडकं. तेव्हा तिलाही हसू आलं होतं. हुशार पोरगा. आईवर गेलाय.

पुढच्या फेरीत वन्संची खुर्ची रिकामी होती.

खुर्ची... ताईची खुर्ची बाबांनी स्वतः खिडकीपाशी सरकवली होती, उजेड बरोबर तोंडावर पडेल अशी. पाहायला आले होते ते ताईलाच. पाणी घेऊन मी आले, एवढंच. निघताना बाबा पाहुण्यांना उंबऱ्यापाशी म्हणाले, थोरलीचं सावकाश बघू, ही मात्र संसाराला पक्की आहे, कधी अडून बसणार नाही. आणि मी खरंच अडून बसले नाही. माणूसही भला मिळाला. जन्मभर मिरवलं मी — दाखवली ती, नेलं मला! जावांचं तोंड या एका वाक्याने बंद करायचे. माझ्या पाठच्या धाकटीच्या वेळीही ताईच खिडकीपाशी होती. तीच खुर्ची, तोच उजेड...

दार पुन्हा आलं. त्यातून तांबड्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या वन्सं दिसल्या, दुसऱ्या हातात रुमाल. मुलगा वाकून दार उघडत होता, ओठ हलत होते. ऐकू येत नव्हतं, पण बाबांचंच वाक्य असणार, शब्द तेवढे नवे. रस्त्यावरून जाणारं एक जोडपं थांबलं आणि काचेतून आत बघून गोड हसलं. तिच्याकडे नव्हे, गाडीकडे. तिला उगाच पदर सारखा करावासा वाटला. ताईही करायची तसा, सारखी... आणि इथून असं सगळं दिसतं, हे ताईने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही कुठे.

चौथरा थांबला. मुलाने दार उघडलं, चेहरा खुललेला.

“आत्याला तांबडी पसंत पडली, आई. सही तेवढी राहिलीय. उतर, फोटो काढू.”

ती उतरली नाही. शेजारच्या आसनावर हात फिरवत राहिली. आसन गार होतं.

“आधी वन्संना इथे माझ्या शेजारी आणून बसव. मग सहीचं बघू.”

“अगं, ती गाडी काही वाईट नाहीये.”

“नसेल. मीही वाईट निघाले नाही,” ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला कुणा दुसरीचा वाटला. “पण जी द्यायची नाही, तिला उजेडात बसवून ठेवू नये रे. बसलेलीला सगळं दिसत असतं.”