पिंपळनेरचा निरोप

मित्रांनो, मी एक दरवाजा आहे आणि आता जुनाही झालो आहे. पण मला फळी नाही, कडी नाही, रंग उडालेला दिसावा असे अंगही नाही. जळगावच्या एका कार्यालयातल्या थंडगार खोलीत, यंत्रांच्या पोटात मी राहतो. मी म्हणजे चार ओळींचा एक नियम. कुणाला आत सोडायचे आणि कुणाला नाही, एवढेच मला लिहून दिलेले आहे.

माझ्या आत एक काम सतत चालू असते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले दवाखाने आपल्याकडे सर्पदंशावरची लस शिल्लक आहे की नाही, याचा निरोप पाठवतात. ते निरोप जुळवून आतले काम एक नकाशा तयार करते. लस असेल तिथे हिरवा ठिपका, नसेल तिथे तांबडा. रुग्णवाहिकेचा चालक फोनवर तो नकाशा बघतो आणि गाडी हिरव्या ठिपक्याकडे हाकतो.

हे काम कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालते, आणि निरोप आणणारेही डबेच असतात. डब्यांच्या अशा वस्तीला इथले लोक क्लस्टर म्हणतात. एखादा डबा बिघडला की त्याच्या जागी दुसरा उभा राहतो, पण त्याचा पत्ता वेगळा असतो. म्हणून मी पत्ता विचारत बसत नाही. येणाऱ्याच्या गळ्यातली पाटी वाचतो. पाटी ओळखीची असेल तर या, नाहीतर मी ढिम्म हलत नाही.

मला लिहिले सुलक्षणाने. ती पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली, कामाला चोख आणि बोलायला फटकळ. यंत्रे आली तेव्हा नारळ फुटला, कपाटाला झेंडूचा हार चढला. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पुढे एकदा कुणी तरी अनोळखी दिवसभर मला ठोठावत राहिला आणि मी त्याला दाद दिली नाही. त्या दिवशी कार्यालयात पेढे वाटले, सुलक्षणाचे कौतुक झाले, आणि मीही जरा फुगलो.

मित्रांनो, माझी एक खोड तुम्हाला सांगायलाच हवी. ज्याला आत घ्यायचे नाही त्याला मी 'नाही' असेही म्हणत नाही. मी गप्प बसतो. चोराला घरात कुणी आहे की नाही ते कळू नये, म्हणून मला तसेच घडवले आहे. पण बाहेर उभा असलेला दर वेळी चोरच असतो असे नाही.

श्रावण लागला. नागपंचमी झाली आणि कानबाई आली, आमच्या खान्देशच्या देवीचा सण. कानबाईला खान्देशातला माणूस कुठेही असो, गावाकडे धावतो. देवीच्या नैवेद्याचे रोट असतात ना! रोट एका कुळाने एकत्र बसून खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. कार्यालय अर्धे रिकामे होणार, म्हणून जाण्याआधी सुलक्षणाने माझा नियम आवळला. आधी मी चार-पाच पाट्या ओळखत होतो. तिने त्या पुसल्या आणि एकच ओळ लिहिली: आपल्या घरच्यांनाच आत घ्यावे. मग पिशवी उचलून ती एसटी गाठायला पळाली.

तिच्या मनात 'आपले घर' म्हणजे सगळा खान्देश. धुळे परके असे तिला स्वप्नातही वाटले नसते. तिचे आजोळ तिकडे, अर्धे सोयरे तिकडे. पण त्याच उन्हाळ्यात धुळ्याच्या डब्यांची वस्ती वेगळी केली होती आणि त्यांच्या गळ्यात धुळ्याची पाटी आली होती. मला लिहिलेले तेवढेच वाचता येते, आणि माझ्या लेखी 'घर' म्हणजे माझी जळगावची वस्ती. मी जळगावला आत घेतले आणि धुळ्याला बाहेर ठेवले.

पिंपळनेरच्या दवाखान्यातली लस संपलेली होती, नकाशावर तिथे तांबडा ठिपका होता. कानबाईच्या रविवारी सकाळी नव्या कुप्या आल्या. तिथल्या परिचारिका नूतनताईंनी लगेच निरोप पाठवला. तो माझ्यापाशी आला, मी पाटी वाचली आणि गप्प बसलो. त्यांनी पुन्हा पाठवला. मी पुन्हा गप्प.

तेवढ्यात, हे मला मागाहून कळले, पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यावर भिकुबाईंना भात निंदताना मण्यार चावली. भिकन चालकाने त्यांना गाडीत घेतले आणि नकाशा पाहिला. पिंपळनेर अजून तांबडे, धुळे शहर आधीपासूनच हिरवे. गाडी नूतनताईंच्या दवाखान्यासमोरून भोंगा वाजवत धुळ्याकडे, साक्रीच्या रस्त्याला लागली. पाड्यावरून खबर आली तशा त्या धावत बाहेर आल्या, तोवर गाडी वळणाआड गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, फोन करायचा! त्यांनी जळगावला फोन केला. तिथे सुलक्षणाचा सहकारी भूषण एकटा बसला होता. पण पूर्वी एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून गाडी रिकाम्या दवाखान्यात गेली होती, तेव्हापासून तोंडी निरोपावर गाडी वळवायची नाही, नकाशा बदलला तरच वळवायची, असा दंडक होता. भूषणने आतले काम तपासले. काम ठणठणीत चालू होते. तो तेच सांगत राहिला.

"दादा, कुप्या माझ्या हातात आहेत," नूतनताई म्हणाल्या. "बाई डोळे मिटायच्या आत त्यांना मागे फिरवा."

भूषणने सुलक्षणाला फोन लावला. माझा नियम बदलायचा अधिकार फक्त सुलक्षणाला, आणि तिचा फोन तर फडताळात ठेवलेला. रोटांना बसल्यावर फोन घ्यायचा नाही, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला. इकडे नूतनताईंचा निरोप पुन्हा पुन्हा माझ्यावर आदळत होता. मला सगळे ऐकू येत होते, मित्रांनो. मला तोंड असते तर मी आरडाओरडा केला असता. आत शेजारीच ते काम बसले होते, त्याला पिंपळनेरची काही खबर नव्हती, आणि मध्ये मी होतो.

शेवटी, तो केव्हाचा वाजतोय हे ऐकून, सुलक्षणाची मोठी काकू केसरबाई उठल्या. "पोरी, तुना फोन कवयना वाजी राहिना," त्या म्हणाल्या. "ऊठ माय, कानबाई रागे भरत नही."

हे आणि पुढचे सुलक्षणाने नंतर भूषणला सांगितले तेव्हा मला कळले. उष्ट्या हाताने ती लॅपटॉप घेऊन घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर चढली, कारण खाली नेट मिळेना. माझी ओळ वाचली आणि तिने कपाळावर हात मारला. घाईत तिने निरोप आणणाऱ्या डब्याचा पत्ताच लिहिला, आणि तेवढ्यात तो डबा बदलला. नवा डबा नव्या पत्त्याने आला. मी पुन्हा गप्प! तेव्हा तिने स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि धुळ्याची पाटी लिहिली.

मी उघडलो. निरोप आत गेला. पिंपळनेर हिरवे झाले.

पण गाडी वळली का? मला रस्ता दिसत नाही. तिथले मला फक्त निरोपांतून कळते. पुढचा निरोप आला: पिंपळनेरला कुप्या तेवढ्याच. त्याच्या पुढचाही तसाच. मी आयुष्यात इतकी वाट कशाची पाहिली नव्हती. मग एक निरोप आला, आणि कुप्या कमी झालेल्या होत्या. म्हणजे भिकुबाई पोहोचल्या. पण जिवंत पोहोचल्या, की दिली लस आणि उपयोग झाला नाही? हे मला कोण सांगणार?

दिवेलागणीला आणखी एक निरोप आला. कुप्या पुन्हा कमी झाल्या होत्या. गेलेल्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा लस देत नाही. भिकुबाई लढत होत्या.

त्या वाचल्या, पण कितीतरी दिवस त्यांना श्वासासाठी यंत्राला जोडून ठेवले होते. तेवढा उशीर माझ्या दारात झाला. आता मला आवळल्यावर सुलक्षणा एकेका दवाखान्याला फोन करून निरोप पाठवायला लावते आणि तो आत येईपर्यंत उठत नाही. तिने मला 'नाही' म्हणायलाही शिकवले आहे.

मित्रांनो, दारे जरूर लावा. पण लावण्याआधी एकदा बाहेर डोकावा. तुमचेच कुणी तरी बाहेर राहिले असेल, आणि दाराला ते सांगता येत नाही.